मधला दिवा

भाषाविज्ञान शिकवताना एक पाठ येतो: चिन्ह आणि त्याचा अर्थ. शब्द आणि वस्तू यांचे नाते निसर्गाने जोडलेले नसते, ते माणसांनी आपसांत ठरवलेले असते, हे मुलांच्या गळी उतरवायचे असते. झाडाला ‘झाड’च का म्हणायचे याला उत्तर नाही, सगळे म्हणतात म्हणून आपण म्हणतो, इतकेच. हे समजावण्यासाठी मी कित्येक वर्षे एक ठरावीक दाखला देत आलो आहे, तो रस्त्यावरच्या दिव्यांचा. तांबड्या रंगात ‘थांबा’ असे काही लिहिलेले नसते. आपण सर्वांनी तसे मानले, म्हणून चाके थांबतात.

मी राहतो शहापूरला आणि शिकवतो मुरबाडकडच्या एका महाविद्यालयात. गेल्या श्रावणात हाच पाठ चालू होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि एस. टी. उशिरा आल्यामुळे निम्मा वर्ग ओल्या कपड्यांनी बसला होता. मी विचारले, “तांबडा म्हणजे?” वर्ग एका सुरात म्हणाला, “थांबा!” “हिरवा?” “चला!” “आणि पिवळा?”

सूर फुटला. कुणी म्हणाले “सावकाश”, कुणी म्हणाले “तयार राहा”. मागच्या बाकावरून एक खणखणीत आवाज आला, “पिवळा म्हणजे पळा, सर!” सगळा वर्ग खो खो हसला. मीही हसलो. हसे ओसरल्यावर खिडकीजवळची एक मुलगी उभी राहिली. एरवी ती फारशी बोलत नाही. ती म्हणाली, “सर, ‘तयार राहा’ म्हणजे कशासाठी तयार? थांबायला, की निघायला?”

वाचकहो, वीस वर्षे मास्तरकी केलेल्या माणसाला उत्तर न येण्याचे प्रसंग पुष्कळ येतात आणि ते झाकण्याची विद्याही अवगत होते. “उद्या पाहू,” असे म्हणून मी फळा पुसला. पण त्या दिवशी मला उत्तर येत नव्हते एवढीच गोष्ट नव्हती. त्या प्रश्नाशी माझे एक जुने देणे होते, आणि ते वर्गात कुणाला ठाऊक नव्हते.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचे होते म्हणून सकाळीच गाडी काढली आणि कल्याणचा रस्ता धरला. गाडी माझी, जुनीच. आई मागे बसलेली, मांडीवर कापडी पिशवी. वेळ चुकली तर डॉक्टर पुढच्या आठवड्याची तारीख देतील ही धास्ती. शहर लागले तरी काटा साठावर होता. समोरच्या चौकात हिरवा दिवा दिसत होता. तो पाहत पाहत मी जवळ आलो आणि हिरव्याचा पिवळा झाला.

त्या क्षणी मी काय विचार केला, हे मला आजही सांगता येत नाही. बहुधा काहीच केला नाही. पायाने परस्पर निर्णय घेतला आणि रेस दाबली. मी पांढऱ्या रेघेपाशी पोचलो तेव्हा दिवा तांबडा झाला होता. डाव्या हाताच्या रस्त्यावर एक मुलगा मोटारसायकलवर उभा होता. त्याच्या बाजूचा दिवा अजून हिरवा झाला नव्हता, पण आता होणारच म्हणून तो निघाला होता. मी ब्रेक मारला, त्यानेही मारला. आमची टक्कर झाली नाही; पण त्याची गाडी घसरली, तो हातावर पडला आणि त्याचा जेवणाचा डबा गडगडत दुभाजकापर्यंत गेला.

मी धावलो. तो मुलगा मनगट धरून बसला होता. तो म्हणाला, “काका, मला हिरवा होता.” आणि मी, एका महाविद्यालयाचा अध्यापक, त्याला उठवण्याआधी म्हणालो, “मला पिवळा होता.”

दोघेही खोटे बोलत नव्हतो. जो तो आपल्या कोशातला अर्थ सांगत होता. त्याच्या कोशात ‘होणार’ म्हणजे ‘झालाच’ होते, माझ्या कोशात ‘संपत आला’ म्हणजे ‘अजून आहे’ होते. मधल्या मध्ये त्याचे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर, आणि रोजंदारीवर काम करणाऱ्याला सहा आठवडे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. औषधपाण्याचा खर्च मी दिला; बुडालेल्या मजुरीतले त्याने जेवढे घेतले तेवढे दिले. परतताना आई बराच वेळ गप्प होती. पडघ्याच्या पुढे आल्यावर म्हणाली, “अरे, तू थांबला असतास तर काय बुडालं असतं?”

तेव्हा त्या मुलीचा प्रश्न माझ्या दृष्टीने परीक्षेतला प्रश्न नव्हता. मी शोधाला लागलो आणि जे हाती लागले ते मोठे मौजेचे निघाले.

रस्त्यावरचा पहिला सिग्नल उभा राहिला तो लंडनमध्ये, पार्लमेंटच्या इमारतीसमोर, १० डिसेंबर १८६८ रोजी. तो उभारण्याची कल्पना जॉन पीक नाइट या रेल्वेतल्या माणसाची. दिवसा हात वर-खाली होत आणि रात्री गॅसचे दिवे लागत, एक तांबडा आणि एक हिरवा. आता गंमत पाहा: त्या हिरव्याचा अर्थ ‘चला’ असा नव्हताच! त्याचा अर्थ होता ‘सांभाळून जा’. म्हणजे जगातल्या पहिल्या सिग्नलला दोनच गोष्टी सांगायच्या होत्या, एक ‘थांबा’ आणि दुसरी ‘जपून’. खुशाल जा, असे तो कुणालाच सांगत नव्हता. त्या काळी आगगाडीच्या रुळांवरही हिरवा रंग सावधगिरीचा होता आणि मोकळ्या वाटेची खूण पांढरा दिवा ही होती. पुढे पांढऱ्याचा घोटाळा होऊ लागला. तांबडी काच फुटून पडली तर आतला दिवा पांढराच दिसायचा आणि धोक्याच्या जागी ‘वाट मोकळी’ असा निरोप जायचा. म्हणून पांढऱ्याला रजा मिळाली, हिरवा ‘चला’ झाला आणि सावधगिरीचे काम पिवळ्याकडे आले. लंडनच्या त्या सिग्नलचे म्हणाल तर तो महिनाभरही धड टिकला नाही. २ जानेवारी १८६९ रोजी गॅसचा स्फोट झाला आणि दिवा सांभाळणारा पोलीस जखमी झाला.

विजेचे दिवे आल्यावर अमेरिकेत हे खूळ पुन्हा उभे राहिले. १९१४ साली क्लीव्हलंड शहरात जो विजेचा सिग्नल लागला, त्यात तांबडा आणि हिरवा असे दोनच दिवे होते. रंग बदलणार हे कळावे म्हणून एक भोंगा वाजे. म्हणजे पिवळ्याच्या जन्माआधी पिवळ्याचे काम कानाकडे होते. १९२० साली डेट्रॉइटचे पोलीस अधिकारी विल्यम पॉट्स यांनी चारही बाजूंना दिसणारा तीन रंगांचा सिग्नल बसवला आणि मधला दिवा कायमचा रस्त्यावर आला.

मधला दिवा आला खरा, पण तो आला आगगाडीच्या घरातून, आणि माहेरचा अर्थ सासरी आल्यावर बदलला. हे मला कळले ते आसनगावच्या फलाटावर. आमच्या तालुक्याला आगगाडी जुनीच. १८५५ साली रूळ कल्याणहून वाशिंदपर्यंत आले, १८६१ मध्ये कसाऱ्यापर्यंत गेले आणि १८६५ मध्ये घाट चढून इगतपुरीला पोचले. त्यामुळे मुरबाडच्या माणसाला अजून एस. टी.चा वेळ विचारावा लागतो, तर शहापूरच्या माणसाच्या बोलण्यात लोकलचे आकडे असतात. आमच्या शेजारी एक निवृत्त गार्ड राहतात. त्यांना मी पिवळ्याचा अर्थ विचारला. ते म्हणाले, “सर, आमचा पिवळा थांबा म्हणत नाही. तो म्हणतो, जा. पण पुढचा सिग्नल तांबडा असेल असं धरून जा. दोन पिवळे दिसले तर त्याहून थोडी सवड आहे असं समजायचं. पिवळा पाहिला की गाडी थांबवायची नाही, हात ब्रेकवर न्यायचा.”

आता फरक ध्यानात येईल. आगगाडीचा पिवळा पुढच्या सिग्नलविषयी बोलतो. तो कित्येकशे मीटर आधी निरोप देतो, कारण एवढे मोठे धूड जागच्या जागी थांबत नाही. रस्त्यावरचा पिवळा मात्र समोरच्या त्याच रेघेविषयी बोलतो आणि त्याच्या हातात सेकंद असतात उणेपुरे तीन, मोठ्या वेगाच्या रस्त्यावर चार किंवा पाच. म्हणून तिथे त्याचा अर्थ ‘जा, पण जपून’ असा राहू शकत नाही. तो ‘थांबा’ असाच असला पाहिजे.

आणि कायदाही तेच सांगतो. १९६८ साली व्हिएन्ना येथे रस्त्यावरच्या खुणांविषयी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात स्थिर पिवळ्या दिव्याचा अर्थ असा आहे की, वाहनाने रेघ ओलांडू नये. अपवाद एकच: दिवा पिवळा झाला त्या वेळी वाहन रेघेच्या इतके जवळ असेल की धोका न पत्करता थांबणे अशक्य, तर पुढे जावे. आपल्याकडचे वाहन चालवण्याचे २०१७ चे विनियमही याच वळणाचे आहेत. म्हणजे पिवळा हा हिरव्याचा धाकटा भाऊ नव्हे, तांबड्याचा आहे. मग ‘तयार राहा’ हे कुठून आले? इंग्लंडात हिरव्याच्या आधी तांबडा आणि पिवळा असे दोन दिवे एकदम लागतात. तिथे तयारी निघण्याची असते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तांबड्यानंतर सरळ हिरवाच लागतो. पिवळा येतो तो हिरव्यानंतर, आणि त्यानंतर तांबडा. तेव्हा त्या मुलीला उत्तर मिळाले: तयारी थांबण्याची.

पण ‘इतके जवळ’ म्हणजे किती? कायदा हे चालकावर सोपवतो आणि खरी गोम इथेच आहे. तीन शास्त्रज्ञांनी, गॅझिस, हर्मन आणि मॅराडुडिन यांनी, १९६० साली नेमक्या याच प्रश्नावर एक निबंध प्रसिद्ध केला. गणित सोपे आहे. मराठीच्या मास्तराला जमले, म्हणजे कुणालाही जमेल. डोळ्याने पिवळा पाहून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद जातो असे धरा. त्यानंतर बेताचा ब्रेक लावला तर दर सेकंदाला वेग ताशी सुमारे अकरा किलोमीटरने उतरतो असे धरा. आता ताशी ४० किलोमीटरने जाणाऱ्या गाडीला थांबायला सुमारे ३२ मीटर लागतात, आणि पिवळ्याच्या तीन सेकंदांत ती ३३ मीटर जाते. म्हणजे रेघ ३२ मीटरांहून लांब असेल तर सुखाने थांबता येते, जवळ असेल तर तांबडा होण्याआधी ती ओलांडता येते. कोडे पडतच नाही.

वेग ६० करा. थांबायला लागतात ६३ मीटर. तीन सेकंदांत गाडी जाते ५० मीटर. आता या ५० आणि ६३ च्या मधल्या तेरा मीटरांत जो सापडला, त्याची फजिती. त्याला बेताने थांबताही येत नाही आणि वेळेत जाताही येत नाही. ८० च्या वेगाला थांबण्याचे अंतर १०४ मीटरांवर जाते आणि तीन सेकंदांत गाठता येतात ६७. फजितीचा पट्टा ३७ मीटरांचा होतो. म्हणूनच वेगवान रस्त्यावर पिवळा जास्त वेळ ठेवतात आणि तांबड्यानंतर एक-दोन सेकंद चारही बाजू तांबड्याच ठेवण्याची युक्ती करतात. पाऊस पडून रस्ता निसरडा झाला, टायर गुळगुळीत असले, गाडी भरलेली असली, की हे आकडे आणखी बिघडतात.

हे वाचले आणि एका रविवारी मी मुद्दाम कल्याणच्या त्या चौकात गेलो. दिवा बदलला तेव्हा मी एका जाहिरातीच्या खांबाशी होतो, हे मला पक्के आठवत होते. तिथपासून पांढऱ्या रेघेपर्यंत पावले मोजली. सत्तर-बहात्तर भरली, म्हणजे सुमारे ५५ मीटर. साठाच्या वेगाने मी बरोबर फजितीच्या पट्ट्यात होतो. क्षणभर बरे वाटले, चला, गणिताने सुटका केली! पण पुढचे पाऊल टाकताच ते समाधान गेले. मी चाळिसाने जात असतो, तर त्या खांबापासून तेवीस मीटर राखून थांबलो असतो. साठावरही पाय दाबून ब्रेक लावला असता, तर आईला जरा हिसका बसला असता, गाडी मात्र रेघेआधी उभी राहिली असती. माझी चूक पिवळ्यावर झालीच नव्हती. ती पिवळा लागण्याआधी, हिरव्या दिव्याकडे पाहत साठाने गाडी हाकताना झाली होती. आणि तांबडा ओलांडणे हे २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात धोकादायक वाहन चालवण्याच्या सदरात धरलेले आहे; तिथे ‘मला पिवळा होता’ हे उत्तर चालत नाही.

कुणी म्हणेल, “मास्तर, तुम्ही थांबाल हो, पण मागचा ट्रक थांबेल का?” शंका खोटी नाही. पिवळ्यावर थांबणाऱ्याच्या पाठीवर मागचा येऊन आदळतो, असे घडते. पण हीच तर त्या पाठाची खूण आहे. चिन्हाचा अर्थ एकट्याने ठरवता येत नाही. मागचा ‘पळा’ असे वाचत असेल आणि पुढचा ‘थांबा’ असे, तर दोघांच्या मध्ये काच फुटायचीच. म्हणून आरशात नजर असावी, बराच वेळ हिरवा दिसणारा दिवा आता बदलणार असे समजून पाय आधीच सैल करावा, म्हणजे मागच्यालाही आपला मनसुबा कळतो. काही चौकांत उलटे मोजणारे आकडे लावलेले असतात. त्यांतले शेवटचे तीन-चार आकडे पाहून ज्याला स्फुरण चढते, त्याने ते आकडे मुळी पाहूच नयेत.

आमच्या भागातल्या मुलांशी बोलताना आणखी एक गोष्ट ध्यानात आली. वर्गातल्या बहुतेकांनी तीन रंगांचा सिग्नल पहिल्यांदा पाहिला तो कल्याणला किंवा ठाण्याला. गावाकडच्या वाटेवर त्यांना ओळखीचा पिवळा आहे तो फाट्यावर उघडझाप करणारा. तो अर्थाने निराळा. उघडझाप करणारा पिवळा थांबवत नाही. तो म्हणतो, इथे वाट फुटते आहे, वेग उतरव, दोन्हीकडे पाहा आणि मग जा. तांबडा उघडझाप करत असेल तर मात्र पुरते थांबून, पाहून, मगच निघायचे. नाशिकच्या महामार्गावर काय किंवा सापगावच्या पुलावरून मुरबाडकडे जाताना काय, अशा फाट्यांवर शाळेची मुले, दुधाच्या किटल्या घेतलेले सायकलवाले आणि डोक्यावर मोळी घेतलेल्या बाया रस्ता ओलांडत असतात. ज्या दिव्याकडे गाडीवाला शोभेचा म्हणून पाहतो, तो त्यांच्यासाठी लावलेला असतो.

आणि पिवळा गाडीच्या अंगावरही असतो. माळशेज घाटात श्रावणात धुके उतरले की शहरातून आलेल्या गाड्या चारही कोपऱ्यांचे पिवळे दिवे लुकलुकत ठेवून चढत असतात. हेतू चांगला, पण चारही लुकलुकू लागले की गाडी डावीकडे वळणार की उजवीकडे, हे सांगायला एकही शिल्लक राहत नाही. तिथेही शब्द तोच आणि अर्थ हरवलेला. आमच्या एस. टी.च्या कंडक्टरचे बरे. एक घंटा थांब, दोन घंटा चल. मधली घंटाच नाही. पण चांगला ड्रायव्हर नाका दिसला की घंटेआधीच गाडी हळू करतो. मधली घंटा त्याच्या पायात असते.

माझे आजोबा पौषात म्हशाच्या जत्रेला बैलगाडीने जात. परतायला रात्र होई. गाडीच्या दांडीखाली एक कंदील टांगलेला असे. जू ओढणाऱ्या बैलांना त्याचा काही उपयोग नसे आणि आजोबांनाही वाट तोंडपाठ होती. मी लहानपणी विचारले होते, “मग तो कशाला?” ते म्हणाले होते, “आपल्यासाठी नाही रे, समोरून येणाऱ्यासाठी.” पिवळ्या उजेडाचा याहून सरळ अर्थ मला अजून कुठल्या नियमावलीत मिळाला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्या मुलीला उत्तर दिले आणि मनगटाची गोष्टही सांगितली. मागच्या बाकावरचा तो ‘पळा’वाला मुलगा तास संपल्यावर माझ्याजवळ आला. विचारले, “सर, त्याचा हात बरा झाला का?” झाला आहे. वळवताना थोडा दुखतो, असे तो म्हणतो.

नवरात्रात आईला पुन्हा त्याच डॉक्टरांकडे न्यायचे होते. तोच चौक, तोच हिरवा. या खेपेला काटा चाळिसाच्या आत होता. जाहिरातीचा खांब आला आणि दिवा पिवळा झाला. मी थांबलो. मागे एका टेम्पोने हॉर्नवर हात ठेवला तो काढीचना. मी आरशात पाहू लागलो.

मागून आई म्हणाली, “वाजवू दे त्याला.”